देवणीच्या गोठ्याचा जमाखर्च

उदगीर म्हटले की इतिहासप्रेमी वाचकास १७६० च्या फेब्रुवारीतील लढाई आठवते. सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, साठ लक्षांचा मुलूख मिळविला आणि वर्ष पुरते न लोटते तोच पानिपत घडले, हे सर्वश्रुत आहे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचे वर्णनही आपण आवडीने वाचतो. परंतु तोफा ओढणारे बैल कोणाच्या गोठ्यात जन्मले, त्यांच्या आयांना कडबा कोणी घातला, हे विचारावे असे आपणांस क्वचितच वाटते.

याच उदगीरच्या दक्षिणेस थोड्या कोसांवर देवणी हे गाव आहे. निजामी अमदानीत ते बिदर जिल्ह्यात मोडे. १९५६ च्या प्रांतरचनेत उस्मानाबादेत आले आणि १९८२ पासून लातुरात आहे. सरकारी दप्तरात गाव असे फिरत राहिले, तरी त्याच्या नावाची गाय मात्र बालाघाटच्या त्याच डोंगरपट्ट्यात चरत राहिली. १९५३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने हिंदुस्थान-पाकिस्तानातील गोवंशांवर जोशी व फिलिप्स या दोघांचा ग्रंथ काढला, त्यात देवणीचा समावेश आहे. फुगीर कपाळ व लोंबते कान यांवरून तिचे गीरशी नाते दिसते. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून ती सिद्ध झाली असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. शेतकऱ्याने तिची वर्गवारी रंगावरून केली. सर्वांगी पांढरी ती बालंक्या. पांढऱ्या अंगाची पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या ती वानेरा. पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेली ती शेवरा.

आता ही गाय घरात कशासाठी असे? दुधासाठी, असे शहरातील वाचक चटकन म्हणेल. मला ते उत्तर अपुरे वाटते. काळ्या चिकण जमिनीत नांगर चालवावयाचा तर दमदार बैल हवा, आणि तो विकत घेण्याचे सामर्थ्य सामान्य कुणब्यास नसे. म्हणून गाय पाळावयाची ती मुख्यत्वे गोऱ्ह्यासाठी. वासराने आचळे सोडल्यावर जे उरे ते घराचे. देवणीचे दूध एका वेतास सरासरी नऊशे किलोच्या आसपास भरते. वेत तीनशे दिवसांचे धरल्यास रोजचे तीन किलो. स्निग्धांश चार टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे दिवसास सव्वाशे ग्रॅम आणि आठवड्यास नऊशे ग्रॅमच्या आतबाहेर तूप. जुना एक शेरही पुरता भरत नाही! एवढ्याशा तुपावर सणवार, बाळंतपण आणि पाहुणेरावळे उरकून घरातील वडीलधारी बाई चार पैसे गाठीस बांधी. तो पैसा पुरुषांच्या हिशोबात बहुधा येत नसे.

गोठ्याच्या जमेची खरी बाजू दुधापलीकडे होती. शेण चुलीस आणि शेतास, दोहोंस लागे. ज्वारीचे दाणे माणसांना व धाटे जनावरांना. ताक विकू नये असा दंडक असल्यामुळे ते घरोघर जाई. मार्गशीर्षातील अवसेस, जिला या भागात येळवस म्हणतात, सगळे घर शेतावर लोटते. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारून आत पांडवांची पूजा मांडतात आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, भज्जी व उंडे आल्यागेल्यास वाढतात. शेत, गोठा आणि चूल यांचा परस्परसंबंध सांगणारे इतके बोलके साधन आमच्या दप्तरखान्यांत मिळणे कठीण.

अशा घरास ‘स्वयंपूर्ण’ म्हणण्याची अलीकडे हौस फार. हा शब्द जपून वापरावा. गुरे चरत ती गायरानात, म्हणजे साऱ्या गावाच्या जमिनीवर. नांगराचा फाळ लोहाराचा, मोट चांभाराची. वैरणपाणी करी तो सालगडी. पाडव्यास त्याचे साल ठरे आणि आगाऊ उचल घेतलेली असल्यास ते पुढल्या पाडव्यासही सुटत नसे. पहाटे शेणघाण काढणे, दूध गोवऱ्यांच्या मंद विस्तवावर ठेवणे, विरजणे, घुसळणे, गोवऱ्या थापणे, हे सारे लेकीसुनांकडे. त्यांचा मेहनताना कोणत्याही खात्यात पडला नाही. आणि ताक घरोघर जाई हे खरे, पण महारवाड्यातून आलेल्या भांड्यात ते वरून ओतले जाई. जुन्या घराचा गोडवा गाताना या रकमा खर्चाच्या बाजूस मांडल्या नाहीत तर तो इतिहास नव्हे, वर्षश्राद्ध होय.

ही घडी मोडली कशी? १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राज्य गेले, पाठोपाठ जहागिरी गेल्या, कुळकायदा आला, वाटण्या झाल्या. तथापि गोठा यांपैकी कशानेही एकाएकी रिकामा झाला नाही. १९७२ च्या दुष्काळाने मोठा धक्का दिला. त्याच सुमारास दुधाचा महापूर योजना देशभर पसरू लागली आणि दूध मापाने विकले जाऊ लागले. माप हाती येताच देवणी हरली. तीन लिटरांच्या गाईस संकरित जर्सी मागे टाकणार हे उघड होते. दुधाच्या मापात बैल मोजला जात नाही. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलाचीही गरज उतरली. परंतु माझ्या मते निर्णायक घाव सोयाबीनचा आहे. १९९० नंतर लातूरच्या बाजारपेठेने या पिकास जो भाव दिला, त्याने ज्वारी मागे सरली. शेतकऱ्याने त्यात काही अविचार केला असे नव्हे. नगदी पैसा त्यालाही हवाच होता. मात्र सोयाबीनच्या भुसकटाने कडब्याची गंजी उभी राहत नाही, आणि गंजीवाचून उन्हाळा काढणे गाईला जमत नाही.

२०१५ साली राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. हेतू काहीही असो, थकलेला बैल विकून नव्या जोडीस हातभार लावण्याची जुनी वाट बंद झाली, आणि ज्या गोऱ्ह्यासाठी गाय पाळावयाची तोच ट्रॅक्टरवाल्या घरास ओझे वाटू लागला. शास्त्रीय संवर्धन चालू आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन केंद्रात देवणीचा कळप राखला आहे. इकडे उदगीरजवळ हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक जोडीचे दात पाहते, खूर पाहते, चार पावले चालवून पाहते. आणि भाव ठरतो तो त्यावर.