'हो', 'नाही' आणि आउटबॉक्समध्ये अडकलेला अर्ज

हेडफोन लावलेत ना? आज जाऊया २००२ सालात. घरात सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी, डायल-अप इंटरनेट आणि मेलसाठी आउटलूक एक्स्प्रेस. मी शाळेत होतो. मित्राच्या सीडीवरून एक फुकटातली पर्सनल फायरवॉल टाकली, आणि लगेच स्क्रीनवर खिडकी आली: या प्रोग्रामला इंटरनेटवर जाऊ द्यायचं का? घाबरून मी 'नाही' दाबलं. वर 'हे उत्तर लक्षात ठेव' यावर टिकसुद्धा केली! दादाचा नोकरीचा अर्ज आउटबॉक्समध्येच बसला आणि आम्ही दोन दिवस मोडेमला शिव्या घालत होतो.

आज अ‍ॅप विचारतं ना, मायक्रोफोन वापरू का? तसंच हे, पण अँड्रॉइडवर असं चालता चालता विचारणं आलं २०१५ मध्ये. कॉम्प्युटरवर झोनअलार्मसारख्या फायरवॉल ते २००० च्या सुमारासच करत होत्या.

आता गंमत बघा. मेल पाठवायची तर सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टला जायचं, आणायची तर ११० ला. दोन्ही वेळा फोन आपणच लावायचा. म्हणून मेल प्रोग्रामला फक्त बाहेर जायची परवानगी पुरायची. कधी फायरवॉल विचारायची, याला सर्व्हर होऊ द्यायचं का? म्हणजे बाहेरून आलेले फोन उचलू द्यायचे का? तिथे खुशाल 'नाही' म्हणा, मेलचं काही अडत नाही. त्यात अँटीव्हायरस मेल तपासत असेल तर आणखी घोळ. मग आउटलूक बोलायचं १२७.०.०.१ शी, म्हणजे स्वतःच्याच कॉम्प्युटरशी, आणि खरा फोन लावायचा अँटीव्हायरस. परवानगी दोघांनाही द्यायला लागायची.

बरं, 'हो' म्हटलं की सुटलो? छे! मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस आला. प्रेमपत्र म्हणून जोडलेली फाइल उघडली की तो आउटलूकच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना स्वतःची कॉपी पाठवायचा, आणि तीही आउटलूकमधूनच. फायरवॉलला दिसायचं काय, तर परवानगी असलेला प्रोग्राम मेल पाठवतोय. परवानगी प्रोग्रामला होती, आतल्या मजकुराला नव्हे. म्हणून झोनअलार्मने मेलसेफ आणलं. ते मेलबरोबर आलेल्या असल्या स्क्रिप्ट फाइलींना अडवून ठेवायचं.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी मला प्रोग्रामची यादी सापडली. आउटलूकसमोरची फुली काढली, आणि अर्ज सर्रकन गेला. पण मुदत आदल्या दिवशीच संपली होती. दादा मला काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "ते काढून टाक आधी." मी काढून टाकलं.

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आला. याला मेल लागत नव्हती, फाइल उघडायला लागत नव्हती. नेट जोडलं की हा नेटवर्कवरून थेट आत. स्क्रीनवर सूचना, ६० सेकंदांत कॉम्प्युटर बंद होणार, आणि आकडे उलटे सुरू! एक्सपीत स्वतःची फायरवॉल होती की, पण बंद ठेवलेली. ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने ती आपणहून चालू करून दिली. ती फक्त बाहेरून येणाऱ्यांना अडवायची. मेल बाहेर पाठवताना काही विचारायचीच नाही, त्यामुळे दादाने ती राहू दिली.