किरचॉफ विद्यार्थी होता तेव्हा

बारावीत व्हीटस्टन ब्रिजची गणितं सोडवली असतील, तर किरचॉफचे दोन नियम तुम्हाला आठवत असतीलच. सांध्यात येतो तेवढाच प्रवाह बाहेर जातो, आणि बंद वाटेनं एक फेरी मारली की व्होल्टेजची बेरीज शून्य. पाठ्यपुस्तकात हे नियम अगदी पोक्त, दाढीवाल्या शास्त्रज्ञाचे वाटतात. १८४५ साली ते छापून आले तेव्हा गुस्ताव किरचॉफ २१ वर्षांचा विद्यार्थी होता! मूळ लेखाचा विषयही सर्किट नव्हता. धातूच्या गोल पत्र्यातून वीज कशी पसरते, हा प्रश्न होता. नियम शेवटी आले.

हे घडलं प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्रादमध्ये. तिथे १८३४ साली फ्रान्झ नॉयमान आणि गणितज्ञ याकोबी यांनी एक सेमिनार सुरू केला होता. आपल्याकडे सेमिनार म्हटलं की स्लाइड्स आणि नंतरचा चहा. तिथे मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्न सोडवायचे, मोजमाप करायचं आणि सगळ्यांसमोर मांडायचं. पदवी आधी, संशोधन मग, अशी रांगच नव्हती. किरचॉफचं ते काम याच सेमिनारमधलं.

प्रयोगशाळेचं म्हणाल, तर विद्यापीठ धड जागा देईना. शेवटी १८४७ च्या सुमारास नॉयमाननं बायकोच्या वारशाच्या पैशातून घरीच प्रयोगशाळा थाटली. (ग्रँटची वाट बघणाऱ्यांनी यातून काही स्फूर्ती घेऊ नये.)

पण या शिक्षणाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यानं १८३८ मध्ये ताऱ्याचं अंतर मोजून दाखवलं तो बेसेल याच गावातला, आणि नॉयमानवर त्याची गडद छाप होती. म्हणून आकडा काढून भागायचं नाही. त्यात किती चूक असू शकते, ती उपकरणातून येते की हवेच्या तापमानातून, हेही काढायचं. लीस्ट स्क्वेअर्स तर हवंच. इतिहासकार कॅथरिन ओलेस्को यांनी या सेमिनारवर पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की चुका शोधायची ही सवय काहींच्या इतकी अंगात भिनली की नवीन काही म्हणायचं धाडसच कमी झालं. आमच्या लॅबमध्ये एरर बारवर तीन-तीन आठवडे घासणारे लोक बघून मला हे लगेच पटलं.

आणि सगळे काही किरचॉफ झाले नाहीत. कितीतरी जण शाळामास्तर झाले, आणि अचूक मोजमापाचं हे वेड आपापल्या गावी घेऊन गेले.