न्यूयॉर्कचा शिवणधंदा आणि नववा मजला

अमेरिकेत तयार कपड्यांचा धंदा वाढला तो यादवी युद्धात. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत उत्तरेच्या सैन्याला गणवेश लाखांनी लागत होते आणि एकेका शिपायाचे माप घेऊन कपडे बेतायला कोणाला सवड नव्हती. म्हणून ठरावीक मापे बांधली गेली. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतलेले शिलाई मशीन हाताशी होतेच. युद्ध संपले, सैन्य घरी गेले; मापे आणि मशीन मात्र बाजाराच्या कामी आली. शतक सरता सरता या धंद्याचे मुख्य ठाणे न्यूयॉर्क झाले, आणि न्यूयॉर्कमध्येही लोअर ईस्ट साइड ही मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळची दाट वस्ती.

कारण माणसे तिथे उतरत होती. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत दोन कोटींहून अधिक लोक अमेरिकेत आले. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर त्यांच्या तपासणीचे ठाणे सुरू झाले. शिवणधंद्यात शिरले ते मुख्यतः रशियाच्या अमलाखालच्या मुलखातले ज्यू आणि दक्षिण इटलीतली कुटुंबे. ज्यांना सुई धरता येत होती त्यांना लगेच काम मिळे, ज्यांना येत नव्हती त्यांना भाऊबंद शिकवत.

ही माणसे राहत ती इमारत म्हणजे टेनमेंट. मुंबईच्या माणसाला तिच्यावरून चाळ आठवेल. पण चाळीला निदान गॅलरी असते. पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट लांब अशा जागेत पाच-सहा मजले चढवलेले, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून तशीच दुसरी इमारत, त्यामुळे मधल्या खोल्यांना खिडकीच नसे. १८६७ च्या कायद्याने वीस माणसांमागे एक संडास एवढीच अपेक्षा ठेवली होती. १८७९ च्या कायद्याने प्रत्येक खोलीला खिडकी हवी असे म्हटले, तेव्हा मालकांनी दोन इमारतींच्या मध्ये एक अरुंद बोळ सोडला आणि खिडक्या त्यात उघडल्या. त्यातून उजेड येईना, वाराही येईना. लोक त्यात कचरा टाकत, आणि आग लागली तर तोच बोळ धुराड्यासारखा ज्वाळा वर ओढून घेई. कायदा पाळला गेला होता, खिडकी मिळाली होती. मिळाला नव्हता तो उजेड. इमारतींना पुरेसे अंगण आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा संडास सक्तीचा झाला तो १९०१ च्या कायद्याने, आणि तोही नव्या बांधकामापुरता.

याच खोल्यांत शिवणकाम चाले. कारखानदार कापड कापून गठ्ठे बांधी, ठेकेदार ते उचलून घराघरांत वाटी. मजुरी नगावर. ठेकेदारांत चढाओढ असल्यामुळे ती सतत खाली जाई. खिडकीजवळ मशीनवर घरातला पुरुष, त्याच्या शेजारी धावदोरा घालणारी बाई, जमिनीवर बसून बटणे लावणारी आणि शिवून झाल्यावर तेच कच्चे दोरे उपसणारी मुले. इस्त्रीसाठी कोळशाची शेगडी उन्हाळ्यातही पेटलेली, आणि खाटेवर आजारी माणूस असेल तर त्याच्या पायथ्याशी तयार कोटांची चवड. डेन्मार्कहून आलेला पोलीसवार्ताहर जेकब रीस याने चकाकणारी पूड पेटवून या अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे घेतली आणि १८९० साली ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक काढले. त्याच्या मजकुरात वेगवेगळ्या जमातींविषयीचे पूर्वग्रह जागोजाग दिसतात. तरी त्या चित्रांनी सुखवस्तू वाचकांची झोप उडवली हे खरे.

लोकमत हलले, पण कायदा न्यायालयात अडत होता. टेनमेंटमध्ये सिगार वळण्यावर न्यूयॉर्क राज्याने बंदी घातली, ती राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८८५ साली रद्द केली: कामगाराने आपल्या घरात काम करावे की नाही हे सरकारने सांगू नये, असा त्यामागचा विचार. बेकरी कामगारांसाठी दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणारा कायदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली लॉक्नर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढला. मालक आणि मजूर स्वेच्छेने करार करतात, त्यात राज्याने पडू नये, हे तत्त्व. भट्टीपुढे उभ्या माणसाच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, हा प्रश्न बहुमताने महत्त्वाचा मानला नाही.

तरीही सुधारणेचे काम थांबले नाही, आणि त्याचे मोठे श्रेय स्त्रियांच्या संघटनांना आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तिथल्या स्त्रियांच्या एकजुटीचे त्यांना फार कौतुक वाटले आणि १८८९ साली निघालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी त्याविषयी मराठीत सविस्तर लिहिले. पुढच्या दशकात लिलियन वॉल्ड या परिचारिकेने लोअर ईस्ट साइडमध्येच राहून सेवाकेंद्र उभारले. फ्लॉरेन्स केली शिकागोत कारखान्यांची मुख्य निरीक्षक झाली आणि १८९९ पासून न्यूयॉर्कमध्ये ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’ चालवू लागली. बरी वागणूक देणाऱ्या कारखान्याच्या मालावर लीग पांढरे लेबल लावू देई आणि गिऱ्हाइकाने ते पाहूनच कपडा घ्यावा असे सांगे. केलीची पद्धत साधी होती: आधी मोजा, नोंदवा, मग बोला.

दरम्यान धंद्याचे रूप पालटले. वीज आली, लिफ्ट आली, आणि वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या उंच नव्या इमारतींत शेकडो मशीनचे कारखाने थाटले गेले. तिथे तयार होई तो शर्टवेस्ट, म्हणजे पुरुषी शर्टाच्या धर्तीचा, स्कर्टवर घालायचा बायकांचा ब्लाउज. ऑफिसात टंकलेखन करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलींचा तो आवडता पोशाख, त्यांच्या मोकळेपणाची खूणच. तो शिवणाऱ्या मुलीही त्याच वयाच्या होत्या. त्यांना उशिराबद्दल दंड होई, अनेक ठिकाणी सुया आणि विजेचे पैसेही पगारातून कापले जात. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियन या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालली असताना तेवीस वर्षांच्या क्लारा लेमलिचने मंचावर जाऊन यिडिश भाषेत सार्वत्रिक संपाची मागणी केली. सुमारे वीस हजार कामगार बाहेर पडले, बहुतेक मुलीच. फेब्रुवारी १९१० पर्यंत बऱ्याच मालकांनी बावन्न तासांचा आठवडा कबूल केला आणि सुया-विजेची वसुली सोडली. ट्रँगल वेस्ट कंपनीने युनियनला मान्यता दिली नाही.

ही कंपनी दहा मजली ॲश इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होती. इमारत १३५ फूट उंच. दीडशे फुटांपर्यंत लाकडी जमीन आणि लाकडी चौकटी चालत, म्हणून त्या लाकडाच्याच होत्या. २५ मार्च १९११ हा शनिवार होता. दुपारी पावणेपाचच्या सुमारास, सुटीच्या वेळी, आठव्या मजल्यावर कटरच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. आठव्या मजल्यावरून दहाव्याला फोन गेला. तिथले मालक आणि कर्मचारी गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निघून गेले. नवव्या मजल्याला कोणी कळवले नाही. तिथे मशीनच्या लांबच लांब रांगा होत्या. एका जिन्यात ज्वाळा आल्या. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होते, कारण सुटताना सगळ्यांनी एकाच दाराने जावे आणि पर्स तपासून घ्यावी असा शिरस्ता होता. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. लिफ्टमन जोसेफ झिटो आणि गास्पार मोर्टिलालो यांनी जमेल तितक्या फेऱ्या मारून अनेकांना वाचवले. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ माणसे गेली. त्यांत १२३ मुली आणि बायका होत्या, सर्वांत धाकट्या चौदा वर्षांच्या.

कामाच्या वेळात दाराला कुलूप नको, हा कायदा राज्यात आधीपासून होता. त्याच कलमावर मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांच्यावर खटला भरला गेला. त्या वेळी कुलूप आहे हे मालकांना ठाऊक होते, याची ज्यूरीला खात्री पटली नाही आणि डिसेंबरमध्ये ते सुटले. म्हणूनच या आगीचा खरा परिणाम खटल्यात शोधू नये. तो चौकशी आयोगात सापडतो. राज्याने १९११ च्या उन्हाळ्यात नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघेही टॅमनी हॉल या स्थानिक राजकीय यंत्रणेतले. त्यांना फिरवणारी होती फ्रान्सिस पर्किन्स. केलीच्या लीगमध्ये तयार झालेल्या या बाईने ट्रँगलची आग रस्त्यावर उभे राहून पाहिली होती. एका कारखान्यात ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ म्हणून दाखवलेल्या भोकातून तिने वॅग्नरना सरपटत बाहेर काढले. पुढे बर्फाने माखलेली शिडी होती आणि ती जमिनीच्या बारा फूट वरच संपत होती. स्मिथना तिने रात्रपाळी संपवून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका दाखवल्या.

आयोगाने पहिल्याच वर्षी १,८०० हून अधिक कारखाने तपासले. तीसहून जास्त कायदे झाले: आगीची कवायत, बाहेर उघडणारी दारे, उंच कारखान्यांत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, मजल्यावर किती माणसे बसवावीत याची मर्यादा, स्त्रियांसाठी चौपन्न तासांचा आठवडा. निरीक्षक वाढले, आणि दाराचा कायदा कागदावरून कारखान्यात आला.

पर्किन्स १९३३ साली देशाची कामगारमंत्री झाली. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री. वॅग्नर यांच्या नावाने १९३५ साली युनियनला संरक्षण देणारा कायदा आला. १९३८ च्या कायद्याने ताशी पंचवीस सेंट किमान वेतन ठरले आणि कारखान्यांतल्या बालमजुरीला आळा बसला. घरी गठ्ठे वाटण्याची जुनी पद्धत मात्र तरीही तग धरून होती. त्याच कायद्याचा आधार घेऊन बायकांच्या कपड्यांसह सात धंद्यांत घरी काम देण्यावर देशभर बंदी आली ती १९४० नंतर, सिगार वळणाऱ्यांचा निकाल लागून अर्धशतक उलटल्यावर. केलीचे निधन १९३२ सालीच झाले होते.