मानसिक ताणाची शारीरिक लक्षणे कशी ओळखावीत?

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग छातीत धडधड का होते?” हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. मनावरचा ताण प्रत्येकाला शब्दांत सांगता येत नाही. कित्येकदा तो आधी शरीरात जाणवतो. हा त्रास खरा असतो, ते नाटक नसते.

असे का होते?

ताण आला की ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आखडतात, पचन बिघडते. घाबरून भराभर श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात.

नेहमीची लक्षणे

• धडधड, घाम, हातांना कंप
• डोके, मान किंवा पाठ दुखणे
• पोटात गोळा येणे, मळमळ, वारंवार शौचाला लागणे
• घशात काही अडकल्यासारखे वाटणे
• झोप न लागणे किंवा पहाटे लवकर जाग येणे
• भूक मंदावणे, सततचा थकवा

ताणाशी संबंध कसा ओळखावा?

त्रास कधी सुरू झाला, त्याआधी घरात किंवा कामावर काय घडले, सुट्टीच्या दिवशी तो कमी होतो का, हे नर्स किंवा डॉक्टर विचारतात. दोन आठवडे वहीत वेळ, त्रास आणि त्या वेळचा प्रसंग लिहून ठेवा. तपासणीला जाताना ही वही सोबत न्या.

‘टेन्शनच असेल’ असे गृहीत धरू नका

थायरॉईडचे विकार, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, रक्तातील साखर कमी होणे यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी तपासणी करून घ्या. मानसिक आजाराचे उपचार चालू असलेल्या रुग्णाची नवी तक्रारही झटकून टाकू नका. अँटिसायकोटिक औषध चालू असताना जोराचा ताप येऊन अंग ताठ झाले, तर तातडीने रुग्णालय गाठा. छातीत दाबल्यासारखे दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल, तर महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

घरच्यांनी काय करावे?

“मनावर घेऊ नकोस” म्हणण्यापेक्षा “कधीपासून होतंय?” असे विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. त्रास दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा रोजची कामे अडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चालू औषधे स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा झाल्याचे बोलणाऱ्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत व २४ तास चालू असते. तिथे मराठीतही बोलता येते.