चौदा दिवसांची धर्मशाळा

बंदरावर उतरलेल्या निर्वासिताला गाठायचे, काही दिवस छप्पर द्यायचे आणि पुढच्या प्रवासाला लावून द्यायचे, ही मदतसंस्थांची रीत आज सर्वत्र दिसते. तिचे एक मूळ लंडनमधल्या एका बेकरीवाल्यापाशी सापडते.

1881 च्या मार्चमध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि रशियाच्या दक्षिण प्रांतांत ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. दंगली, दारिद्र्य आणि ज्यूंवर लादलेले 1882 चे निर्बंध यांनी जिणे अवघड झालेली कुटुंबे पश्चिमेकडे निघाली. सीमेलगतच्या ऑस्ट्रियन गावात, ब्रोडीत, हजारो जण अडकले. पॅरिसच्या 'आलियाँस इझ्राएलीत युनिव्हर्सेल' या ज्यू संस्थेने तिथे शार्ल नेत्तेर यांना धाडले. काहींची अमेरिकेला रवानगी झाली, बरेच जण माघारी पाठवले गेले.

पश्चिमेकडे निघालेल्यांपैकी लंडनच्या गोदीवर उतरणाऱ्यांना दलाल घेरत. सामान उचलून ठरलेल्या मुक्कामी नेत, अव्वाच्या सव्वा भाडे घेत, खोटी तिकिटे गळ्यात मारत. सायमन कोहेन या बेकरीवाल्याने व्हाइटचॅपलमध्ये अशांना आसरा देणे सुरू केले. ज्यू धर्मात वाटसरूला घरात घेणे हे मोठे पुण्यकर्म; तंबूच्या दारात बसलेला आणि वाटसरू दिसताच सामोरा धावणारा अब्राहम हा त्याचा आदिपुरुष.

1885 मध्ये शहरातल्या प्रतिष्ठित ज्यूंच्या 'बोर्ड ऑफ गार्डियन्स'ने ही जागा अस्वच्छ ठरवली आणि ती बंद पडली. धास्ती मात्र अस्वच्छतेपुरती नव्हती. फुकट छप्पर मिळते म्हटल्यावर आणखी लोंढे येतील आणि स्थिरावलेल्या ज्यूंकडेही बोट दाखवले जाईल, असे गार्डियन्सना वाटे. गरीब वस्तीत संताप उसळला. तेव्हा मूळचे पोलंडचे हर्मन लँडाऊ पुढे सरसावले आणि त्याच वर्षी 'पुअर ज्यूज टेंपररी शेल्टर' स्थापन झाले. पुढे ते लेमन स्ट्रीटवर आले. विरोधकांची समजूत पटावी म्हणून नियम कडक ठेवले: मुक्काम जास्तीत जास्त चौदा दिवस, रोज दोन जेवणे, हातात रोकड नाही.

चौदा दिवसांच्या अटीने कामाला वळण दिले. पंधरवड्यात माणूस मार्गी लावायचा तर नुसते जेवू घालून भागेना. गोदीवर त्यांची यिद्दिश भाषा बोलणारा माणूस हवा, नातेवाइकांचा पत्ता हुडकायला हवा, पुढचे तिकीट खरे हवे. दक्षिण आफ्रिकेच्या जहाजकंपन्यांशी संस्थेने बोलणी करून व्यवस्था लावली, ती याच गरजेतून.

इतरत्रही हीच गरज उभी राहत होती. 1892 मध्ये हॅम्बर्गला पटकीची मोठी साथ आली. त्यानंतर जर्मन सीमेवर तपासणी कडक झाली आणि प्रवाशांचे हाल वाढले. 1901 मध्ये बर्लिनला स्थापन झालेल्या 'हिल्फ्सफेराइन' या जर्मन ज्यूंच्या मदतसंस्थेने सीमेपासून बंदरापर्यंत मदतीची साखळी उभी केली. न्यूयॉर्कमध्ये 1889 चे निवारागृह आणि नंतरची एक स्थलांतरित-साहाय्य संस्था 1909 मध्ये एकत्र येऊन 'हायस' झाली. ती आज ज्यू नसलेल्या निर्वासितांसाठीही काम करते.

या रीतीच्या कुळात पुण्यकर्म जेवढे आहे, तेवढीच धास्तीही आहे. बेकरीवाल्याने दार उघडले. दार फार काळ उघडे राहू नये म्हणणाऱ्यांमुळे पुढची वाट आखली गेली.