मिनेसोटाच्या खाणीतली 'म्हातारी' डिझेल इंजिनं
अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एरी मायनिंग कंपनीची स्वतःची रेल्वे होती. होइट लेक्सच्या कारखान्यातून लोहखनिजाच्या गोळ्या लेक सुपीरियर सरोवरावरच्या टॅकोनाइट हार्बर बंदरात न्यायच्या, हे तिचं मुख्य काम. १९५० च्या दशकातली, गोल नाकाची, १,७५० अश्वशक्तीची एफ-९ इंजिनं इथे धावायची. मोठ्या रेल्वे कंपन्यांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. इथे मात्र ती एकविसाव्या शतकापर्यंत टिकली!

इंजिनं थकली नाहीत, मालक थकला. नंतरची मालक एलटीव्ही स्टील डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. जानेवारी २००१ मध्ये खाण बंद पडली, सुमारे १,४०० जणांचा रोजगार गेला. त्यातलं एक इंजिन डुलुथच्या रेल्वे संग्रहालयात आहे.