दिवाणखान्यातील मांडणी

दिवाणखान्यातील मांडणी : घरातील उठण्याबसण्याच्या व पाहुण्यांच्या स्वागताच्या दालनात आसने, मेजे, कपाटे इ. वस्तूंच्या जागा ठरविण्याची रीत. ‘दीवान’ (दरबार, कचेरी) व ‘खाना’ (जागा) या फार्सी शब्दांपासून ‘दिवाणखाना’ हा शब्द मराठीत रूढ झाला. अरुंद व लांबट, अनेक दारांची, मध्येच खांब असलेली किंवा आरपार जाण्यायेण्याची खोली मांडणीस अडचणीची मानली जाते. तथापि ही अडचण नेहमीच मुळातून खोलीत असते असे नाही. बसण्याची पद्धत बदलते आणि भिंती मात्र जुन्याच राहतात, तेव्हाही ती निर्माण होते, असे या विषयाच्या इतिहासावरून दिसून येते.

वाड्यातील बैठक : महाराष्ट्रातील वाड्यांचे दिवाणखाने बहुधा लांबट असत. लाकडी सांगाड्यातील दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणत व घराचे मोजमापही खणांवरून सांगितले जाई. तुळईच्या लांबीमुळे दालनाच्या रुंदीवर मर्यादा पडे. लांबी मात्र खणास खण जोडून वाढविता येई. पेशवाईतील सरदारांच्या वाड्यांत सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आणि त्यांवरील महिरपी हे दिवाणखान्याचे मुख्य भूषण होते. जमिनीवर जाजम किंवा सतरंजी अंथरून भिंतीच्या कडेने गाद्या, लोड व तक्के मांडीत. अरुंद दालनाला ही बैठक सोयीची होती. कारण तीत पाठीस भिंत, मध्ये मोकळी जमीन आणि येणाऱ्याजाणाऱ्यास वाट या तिन्ही गोष्टी साधत. मान आसनाच्या उंचीपेक्षा त्याच्या स्थानावरून कळे. साठवणीसाठी भिंतीतच कोनाडे, फडताळे व खुंट्या असत. चौरंग, पाट, तबक, समई या वस्तू कामापुरत्या आणल्या जात व काम होताच उचलल्या जात. खांबाचीही अडचण नसे. टेकून बसण्यास तो उपयोगीच पडे. हे दालन मात्र मुख्यत्वे पुरुषांचे होते. घरातील स्त्रियांचा वावर माजघर व स्वयंपाकघर यांपुरता राही. त्यामुळे दिवाणखान्याची मांडणी घराच्या प्रतिष्ठेसाठी असे, घरातील सर्वांच्या सोयीसाठी नव्हे.

यूरोपातील स्थित्यंतर : अठराव्या शतकात यूरोपातील श्रीमंतांच्या घरीही दालनाचा मध्य मोकळा असे. खुर्च्या भिंतीलगत ओळीने ठेवीत व गरजेनुसार पुढे ओढीत. त्यांच्या पाठीची मागील बाजू दिसत नसल्यामुळे ती पुष्कळदा साधी सोडली जाई आणि भिंतीस खुर्चीची पाठ घासू नये म्हणून त्या उंचीवर लाकडी पट्टी बसविली जाई. फ्रान्समध्ये भिंतीशी कायम राहणारी आसने आणि हलविण्याची आसने असे दोन स्वतंत्र प्रकार मानीत. शतकाच्या अखेरीस हा शिष्टाचार शिथिल झाला. १७८० च्या सुमारास स्विस संशोधक एमे आर्गां याने शोधून काढलेल्या तेलाच्या दिव्याचा प्रकाश मेणबत्तीपेक्षा पुष्कळ प्रखर होता. त्यामुळे एका मेजाभोवती अनेकांना वाचन, शिवण व पत्ते खेळणे शक्य झाले. इंग्रज उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन याने १८१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जुन्या व नव्या दालनांची चित्रे शेजारी शेजारी देऊन हा बदल दाखविला आहे. जुन्या दालनात मंडळी औपचारिक वर्तुळ करून बसलेली आहेत, तर नव्या दालनात ती लहानलहान गटांत विखुरलेली दिसतात.

महाराष्ट्र व गोवा : एकोणिसाव्या शतकात मुंबईत यूरोपीय घाटाचे कोरीव शिसवी फर्निचर मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. मधोमध गोल मेज, कडेने खुर्च्या, छताला हंड्या-झुंबरे व भिंतींवर आरसे अशी सजावट सधन घरांत रूढ झाली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाल्यावर तेथे छापलेली देवादिकांची चित्रे मध्यमवर्गीयांच्या भिंतींवरही आली. खुर्ची व मेज यांना मात्र चारही बाजूंनी जागा लागते. साहजिकच बैठकीसाठी बांधलेली लांबट दालने आता अपुरी वाटू लागली आणि खांब वाटेत येऊ लागले. पुष्कळ घरांनी यावर दुहेरी तोडगा काढला : दालनाच्या एका टोकाला गादी-तक्क्यांची बैठक कायम ठेवून दुसऱ्या टोकाला खुर्च्या मांडल्या. गोव्यातील ख्रिस्ती जमीनदारांच्या घरी हा पेच तितकासा उद्भवला नाही. कारण तेथील प्रशस्त ‘साल’ प्रथमपासूनच खुर्च्यांसाठी व नृत्यासाठी योजिलेली होती. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा यांचे घर याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

चाळीतील खोली : अडचणीच्या खोलीचा खरा प्रश्न मुंबईच्या चाळींत उभा राहिला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने (बी. डी. डी.) वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सु. १६० चौ. फुटांची (सु. १५ चौ. मी.) होती. एवढ्या जागेत स्वयंपाक, जेवण, अभ्यास, आजारपण, बाळंतपण व पाहुणचार हे सर्व होई. त्यामुळे येथे मांडणीची योजना स्थळापेक्षा काळाच्या आधारे झाली. रात्रीच्या अंथरुणांच्या वळकट्या सकाळी खाटेवर किंवा पोटमाळ्यावर जात. खाटेखाली ट्रंका राहत. भांडी भिंतीवरील मांडणीत व फळ्यांवर लागत. पाहुणा आला की घडीची खुर्ची उघडली जाई. दारापासून खिडकीपर्यंतची पट्टी मोकळी ठेवून सामान दोन्ही भिंतींना लावण्याची रीत गरजेतून आली. पडदा लावून केलेला आडोसा हाच पुष्कळ कुटुंबांत एकांताचा एकमेव उपाय होता. जुन्या वाड्यातील ‘जमीन मोकळी, वस्तू भिंतीला’ हे तत्त्व चाळीने अशा रीतीने निराळ्या कारणाने पुन्हा स्वीकारले.

शास्त्रीय विचार : पहिल्या महायुद्धानंतर यूरोपात लहान घरांच्या रचनेचा पद्धतशीर अभ्यास झाला. बर्लिन येथील वास्तुविशारद अलेक्झांडर क्लाइन याने १९२८ च्या सुमारास घराच्या नकाशावर माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटा रेषांनी दाखविल्या व त्या जितक्या कमी छेदतील तितकी रचना चांगली, असे प्रतिपादन केले. अडचणीच्या खोलीची मांडणी आजही याच क्रमाने ठरवितात : प्रथम दारांमधील वाट (साधारणतः ७५ ते ९० सेंमी.) राखून ठेवावयाची, नंतर उरलेल्या भागात आसनांचा गट समोरासमोर किंवा काटकोनात बसवावयाचा. लांबट खोलीचे दोन भाग पाडणे, हा त्यातील मुख्य उपाय होय.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर मांडणीला नवा केंद्रबिंदू मिळाला. परस्परांकडे तोंड करून असलेली आसने हळूहळू एकाच भिंतीकडे वळली. दूरचित्रवाणीसंच नसलेल्या शेजाऱ्यांसाठी जमिनीवर सतरंजी अंथरली जाई. भ्रमणध्वनीच्या प्रसारानंतर हा केंद्रबिंदूही दुर्बल झाला. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात जुन्या खोलीच्या जागी ५०० चौ. फुटांची सदनिका देण्याची योजना असून तीत बैठकीची खोली, शयनगृह व स्वयंपाकघर वेगळे आहेत. एकाच खोलीने जी कामे वेळ वाटून उरकली, ती तेथे भिंतींनी वाटली आहेत. कोणत्याही काळी दिवाणखान्याच्या मांडणीत घरातील कोणास ऐसपैस जागा मिळते व कोणास उठून बाजूला व्हावे लागते, यावरून त्या कुटुंबाची व समाजाची रचना ओळखता येते; म्हणून सामाजिक इतिहासाचे एक साधन म्हणून या विषयास महत्त्व आहे.